बाजाराची पाहणी हवी, पण कोणाच्या घरातून?

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराला युरोपात किंवा लॅटिन अमेरिकेत माल पाठवायचा असेल, तर त्याला आधी तिथला भाव कळायला हवा. ब्रेकशू किंवा क्लचप्लेट तिथल्या ग्राहकाला कितीला पडते, घरपोच द्यायला किती आकारतात, कोणत्या ब्रँडवर किती सूट चालू आहे, हे सगळे तिथल्या ऑनलाइन दुकानांवर उघड लिहिलेले असते. पण तीच दुकाने भारतातून उघडली की चित्र बदलते. काही उघडतच नाहीत, काही भारतासाठीच्या पानावर नेऊन सोडतात, काही भावच लपवतात. यावरचा तोडगा बाजारात विकत मिळतो, त्याचे नाव रेसिडेन्शियल प्रॉक्सी. पाहणी करणारा बसलेला असतो छत्रपती संभाजीनगरात, पण त्याची विनंती जर्मनीतल्या कोणाच्या तरी घरच्या इंटरनेट जोडणीतून बाहेर पडते आणि दुकानाला वाटते की स्टुटगार्टचे गिऱ्हाईक आले आहे. उलट दिशेनेही हाच व्यवहार चालतो. भारतातल्या भावांवर नजर ठेवणाऱ्यांना भारतातली घरे लागतात, आणि ती गारखेड्यात, सिडकोत, हडकोतही असू शकतात. म्हणजे आपल्यासारखे शहर या धंद्याचे गिऱ्हाईकही आहे आणि मालही. भाव पाहणे ही व्यापाराची गरज आहे, त्यात गैर काही नाही. पण ज्या घरातून तो पाहिला जातो त्या घराला ते माहीत असले पाहिजे, मान्य असले पाहिजे, आणि त्यातली जोखीम त्या घराच्या माथी पडता कामा नये. आज या तिन्ही गोष्टींची हमी क्वचितच कोणी विक्रेता देतो, बहुतेक खरेदीदार ती मागत नाहीत, आणि कायदाही ती नीट विचारत नाही.

घरच्या जोडणीला एवढी किंमत का, हे समजायला आयपी पत्त्याचे काम पाहावे लागते. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत एक पत्ता जातो, आणि तो पत्ता कोणत्या कंपनीच्या गठ्ठ्यातला आहे हे कोणालाही तपासता येते. मोठ्या डेटा सेंटरचे पत्ते लगेच ओळखू येतात. एका मिनिटात हजार पाने मागणारी विनंती अशा पत्त्यावरून आली की दुकान समजते, हा माणूस नव्हे, यंत्र आहे, आणि दार लावून घेते. बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांच्या घरगुती जोडणीवरून आलेली विनंती मात्र साध्या गिऱ्हाइकाची वाटते. प्रॉक्सी विकणारी कंपनी हा विश्वासच विकते. हजारो घरांच्या पत्त्यांवरून आळीपाळीने एकेक विनंती सोडली की दुकानाला संशय येत नाही. भारतात आणखी एक गुंतागुंत आहे. आयपीव्ही-४ पत्ते कमी पडत असल्याने आपल्याकडे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात. त्यामुळे एका घरातून होणाऱ्या उचापतीचा ठपका त्याच पत्त्यामागच्या अनोळखी घरांवरही येतो. एखादे संकेतस्थळ अचानक ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे पुन्हा पुन्हा विचारू लागते, त्याची बरीच कारणे असतात, पण हेही त्यातले एक असू शकते.

गरज खरी आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. भाव आता दुकानाच्या पाटीवर नसतो, तो पाहणाऱ्यावर ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या कंपन्यांना नोटिसा काढल्या. एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडे आणि अँड्रॉइड फोनवर दुसरे दाखवले जाते, अशा तक्रारी होत्या. कंपन्यांनी त्या नाकारल्या. त्या तक्रारींचे खरेखोटे करायचे तर तेच भाडे अनेक फोनवरून, अनेक ठिकाणांहून, एकाच वेळी पाहावे लागेल. सरकारी आकडेवारीलाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेसाठी देशातले १,११४ शहरी बाजार आणि १,१८१ खेडी यांतून माणसे प्रत्यक्ष जाऊन भाव टिपत होती. २०२४ आधारवर्षाच्या नव्या मालिकेत ऑनलाइन भावही घ्यायचे सांख्यिकी मंत्रालयाने ठरवले, पण २५ लाखांहून अधिक लोकवस्तीच्या १२ शहरांपुरते. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेले आपले शहर त्यात बसत नाही. मराठवाड्यातल्या कुटुंबाला ऑनलाइन खरेदी मुंबईकरापेक्षा महाग पडते की स्वस्त, पोचवण्याचा आकार जास्त लागतो की कमी, याचे नियमित मोजमाप व्हावे असे ज्याला वाटते त्याने ‘दूरच्या घरातून भाव पाहणे’ या कल्पनेलाच नाक मुरडू नये. मला ते हवे आहे, आणि म्हणूनच ते स्वच्छ मार्गाने व्हावे असे वाटते.

उघड माहिती गोळा करण्यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो संकेतस्थळांच्या बाजूने. आमच्या पानावरचे भाव आमच्या परवानगीशिवाय यंत्राने उचलणे ही चोरी आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही, आणि अमेरिकेतल्या न्यायालयांचा अलीकडचा कलही सरसकट तसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने मेटा विरुद्ध ब्राइट डेटा या खटल्यात असे ठरवले की, खात्यात प्रवेश न करता दिसणारी सार्वजनिक माहिती गोळा केल्याने मेटाच्या अटींचा भंग झाला हे सिद्ध होत नाही. ब्राइट डेटा ही या धंद्यातली मोठी इस्रायली कंपनी. फिर्यादी असलेली मेटा स्वतःच दुसऱ्या संकेतस्थळांवरची माहिती मिळवण्यासाठी याच कंपनीला पैसे देत आली होती, हेही त्या वादातून बाहेर आले. त्याच वर्षी मे महिन्यात एक्स कंपनीची अशाच स्वरूपाची फिर्याद फेटाळली गेली. दुकानाने रस्त्यावर लावलेली भावाची पाटी वाचायला परवानगी लागू नये, मग वाचणारा प्रतिस्पर्धी असला तरी. पण या सगळ्या खटल्यांत दोनच पक्ष न्यायालयात उभे होते, माहिती ठेवणारा आणि माहिती उचलणारा. ज्यांच्या घरांतून ती उचलली गेली ती कुटुंबे कोणाच्याच बाजूला नव्हती. त्यांच्याविषयी निकाल काहीच सांगत नाहीत, आणि माझा प्रश्न त्यांचाच आहे.

ही घरे येतात कुठून? काही लोक जाणूनबुजून येतात. ‘तुमचे न वापरलेले इंटरनेट विका, बसल्या जागी कमवा’ असे सांगणारी ॲप आहेत. ती घेणाऱ्याला निदान एवढे कळते की आपण काहीतरी विकतो आहोत. पण बरेच जण नकळत ओढले जातात. फुकटचा खेळ, फुकटचा व्हीपीएन, फुकटचे वॉलपेपर अशा ॲपच्या पोटात प्रॉक्सी कंपनीचा तयार कोड बसवलेला असतो आणि ॲप बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. २०१५ मध्ये होला या लोकप्रिय फुकट व्हीपीएनचे प्रकरण गाजले. तो वापरणाऱ्या लाखो लोकांच्या जोडण्या त्याच कंपनीची ल्युमिनाटी ही दुसरी सेवा विकत होती, आणि त्याच जोडण्यांतून एका संकेतस्थळावर हल्ला झाल्यावर हे चव्हाट्यावर आले. ल्युमिनाटीचेच नाव पुढे ब्राइट डेटा झाले. कंपनीचे म्हणणे असे की ती आता स्पष्ट संमती घेते आणि गिऱ्हाइकांची तपासणी करते. ते मान्य केले, तरी बाजार एका कंपनीचा नाही. त्याच्या तळाशी असे विक्रेते आहेत ज्यांच्याकडे संमती नावाची गोष्टच नाही.

त्या तळाची खोली मे २०२४ मध्ये जगाला दिसली. अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडून काढले आणि ते चालवणाऱ्या चिनी नागरिकाला सिंगापूरमध्ये अटक झाली. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट कार्यक्रमांतून जवळपास दोनशे देशांतले १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते या जाळ्यात आले होते, आणि चालवणाऱ्याने ते भाड्याने देऊन सुमारे ९ कोटी ९० लाख डॉलर मिळवले, असे आरोपपत्र सांगते. करोनाकाळात अमेरिकी सरकारने दिलेल्या बेकारी भत्त्यावर याच घरांच्या पत्त्यांवरून लाखो खोटे अर्ज गेले. मग जून २०२५ मध्ये एफबीआयने स्वस्त टीव्ही बॉक्स आणि डिजिटल फोटोफ्रेमविषयी इशारा दिला. अशी अनेक उपकरणे कारखान्यातूनच संसर्ग घेऊन येतात आणि घरातल्या वायफायला जोडली की ते घर प्रॉक्सी बनते. पुढच्याच महिन्यात गूगलने अशा उपकरणांचे ‘बॅडबॉक्स २.०’ हे जाळे चालवणाऱ्यांविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. त्यात अशी एक कोटीहून जास्त उपकरणे होती. जानेवारी २०२६ मध्ये गूगलनेच ‘आयपीआयडीईए’ नावाचे प्रॉक्सी जाळे विस्कळीत केले आणि सांगितले की एका आठवड्यात साडेपाचशेहून अधिक वेगवेगळ्या हल्लेखोर टोळ्या त्यातली घरे वापरताना दिसल्या. नाव नसलेले स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आपल्याकडेही सहज मिळतात. केबलचे पैसे वाचवायला तो घेणाऱ्या कुटुंबाला यातले काही ठाऊक असण्याचा संभवच नाही.

बाजारपाहणी करणारे इथे म्हणतील, चोर वेगळे आणि आम्ही वेगळे. आम्ही फक्त भाव वाचतो. हा आक्षेप गंभीर आहे, कारण बहुतेकांच्या बाबतीत तो खराही आहे. पण घराच्या बाजूने पाहिले तर हा फरक दिसत नाही. सकाळी त्याच्या जोडणीतून एखाद्या सल्लागार कंपनीने साबणाचे भाव पाहिले असतील आणि दुपारी कोणी चोरलेल्या पासवर्डने बँकेची खाती उघडून पाहिली असतील, तरी बाहेर नोंद होते ती एकाच पत्त्याची. वाईट गिऱ्हाईक आले की चांगल्या गिऱ्हाइकाच्या पैशावर उभे राहिलेले तेच जाळे त्याला वापरायला मिळते. प्रामाणिक पाहणीकार या धंद्याला दोन गोष्टी देतो, नियमित उत्पन्न आणि प्रतिष्ठा. ‘आमच्याकडून मोठमोठ्या कंपन्या सेवा घेतात’ असे विक्रेता सांगतो ते त्याच्याच जोरावर. म्हणून घरे कुठून आणली हे न विचारता माल घेणाऱ्याला ‘आमचा त्यांच्याशी संबंध नाही’ असे म्हणून मोकळे होता येणार नाही.

आणि आपल्या देशात आयपी पत्त्याचा ठपका किती जड असतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच खात्यावर जमा आहे. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान करणारा मजकूर टाकल्याच्या तक्रारीवरून २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. पुरावा होता तो एका आयपी पत्त्याचा आणि त्याच्यासमोर इंटरनेट कंपनीने लिहून दिलेल्या नावाचा. नाव चुकीचे निघाले. तोवर त्या निरपराध माणसाचे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते, आणि पुढे राज्य मानवी हक्क आयोगासमोर भरपाईचा प्रश्न आला. त्या प्रकरणात चूक कारकुनी होती. पत्ता आणि माणूस यांची सांगड चुकीची घातली गेली. रेसिडेन्शियल प्रॉक्सीत कंपनीची नोंद अगदी बरोबर असेल, तारीख-वेळ बरोबर असेल, घर बरोबर असेल, आणि तरीही करणारा दुसराच कोणी असेल. म्हणजे तपासाला चुकवणारी ती चूक इथे अपवादाने घडत नाही, ती विक्रेत्याच्या सेवेचा भाग म्हणून रोज पुरवली जाते. आज सायबर पोलिस ठाण्यांवर ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींचा डोंगर आहे, १९३० या मदतवाहिनीवर येणाऱ्या अनेक तक्रारींचा माग कुठे ना कुठे एखाद्या पत्त्यापर्यंत जातो. अनुभवी तपास अधिकारी पत्त्यावर थांबत नाहीत, उपकरण तपासतात. पण उपकरण जप्त होणे म्हणजे काय, हे ज्या घरात एकच फोन आहे, त्यावरच मुलाचा अभ्यास आणि बापाचे काम चालते, त्या घराला विचारावे लागेल. निर्दोष ठरेपर्यंतचे महिने त्याला कोणी परत देत नाही.

संमती आहे, मग तक्रार कशाची, असा दुसरा युक्तिवाद होतो. ॲप घेताना त्याने ‘मान्य’ वर बोट ठेवले ना? इथे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ वाचण्यासारखा आहे. संमती मुक्त, विशिष्ट, पूर्ण माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे तो म्हणतो, आणि संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असेही म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. ‘तुमच्या घरच्या इंटरनेटवरून अनोळखी लोक अनोळखी संकेतस्थळे उघडतील, त्यांची नावे आम्ही तुम्हाला सांगणार नाही, आणि काही गैर घडले तर पहिला पत्ता तुमचा निघेल’ असे सरळ मराठीत लिहिले, तर पैठण गेटवर मोबाइल घेणाऱ्या किती जणांतला एक जण त्यावर बोट ठेवेल? शिवाय घरगुती इंटरनेटच्या करारात ती जोडणी दुसऱ्याला विकू नये अशी अट साधारणपणे असते. म्हणजे ॲपने सांगितलेली कमाई घेताना ग्राहक आपल्या इंटरनेट कंपनीशी केलेला करार मोडतो, आणि तेही त्याला कोणी सांगत नाही. मोबदला पाहिला तर आणखी अस्वस्थ व्हायला होते. विक्रेता एका जीबीमागे काही डॉलर घेतो, घराला काही सेंट मिळतात. फुकट ॲपमधून आलेल्या घराला काहीच नाही. नफा एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, अशी वाटणी ज्या करारात आहे त्यावरची सही कितीही स्पष्ट असली तरी तो न्याय्य होत नाही.

घराला मोजमापाचे साधन बनवण्याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी बोलका आहे. दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्था मुंबईची. देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांत तिची मीटर बसवलेली होती, आणि कोट्यवधी रुपयांच्या जाहिराती त्या घरांच्या पाहण्यावर ठरत. ती घरे निवडताना नमुनाशास्त्र वापरलेले असते, कुटुंबाला कशासाठी मीटर बसवतो ते सांगितलेले असते, ते डोळ्यांसमोर टीव्हीला जोडलेले असते, आणि कुटुंबाचे नाव गुप्त ठेवायचे असते. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याची तक्रार जाहीर केली: काही घरांना महिन्याला काहीशे रुपये देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचा आरोप होता. मार्च २०२४ मध्ये तो खटला न्यायालयाच्या परवानगीने मागे घेतला गेला, तेव्हा आरोपांवर निकाल झाला नाही. पण त्या प्रकरणाचा परिणाम मात्र झाला. बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले आणि ते पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. एक उद्योग दीड वर्ष मोजमापाशिवाय राहिला, कारण ज्या घरांवर ते मोजमाप उभे होते त्यांच्यावरचा विश्वास डळमळला. मला यातून दोन गोष्टी दिसतात. घराला सांगून, त्याच्या संमतीने, नियम ठरवून बाजाराची पाहणी करता येते. ती अशक्य नाही, महाग आहे. आणि इतकी काळजी घेऊनही जर आकडे संशयाच्या भोवऱ्यात सापडू शकतात, तर जिथे घर कोणाचे, ते का निवडले, त्याला काय माहीत आहे यातले काहीच ठाऊक नाही, त्या पाहणीच्या आकड्यांवर कोट्यवधींची गुंतवणूक कशाच्या भरवशावर करायची?

आकड्यांच्या गुणवत्तेचा मुद्दा पाहणीकारांनी स्वतःच्या हितासाठी तरी मनावर घ्यावा. प्रॉक्सी कंपन्या ‘शहर निवडा’ अशी सोय देतात. पण आयपी पत्त्यावरून शहर ओळखणे भारतात, विशेषतः मोबाइल जोडणीवर, भरवशाचे नाही. कंपनीचे मोठे केंद्र जिथे असेल त्या शहराचे नाव अनेकदा पत्त्याला चिकटते. मराठवाड्यातला फोन मुंबईचा म्हणून नोंदला जाणे यात काही नवल नाही. त्यात आपल्या शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, जुन्या नावाचा एक जिल्हा बिहारमध्ये आहे, आणि परदेशी नोंदवह्या दोन्ही नावे कशा सांभाळतात हे विकत घेणाऱ्याने तपासले नाही तर गयेजवळच्या गावाचे भाव गोदाकाठचे म्हणून अहवालात जाऊ शकतात. याहून मोठी मर्यादा अशी की प्रॉक्सी फक्त पडद्यावरचा भाव दाखवते. गुलमंडीत, टिळक पथावर, औरंगपुऱ्यात घासाघीस होऊन ठरणारा भाव, मोंढ्यातली उधारी, जाधववाडीत पहाटे लागणारी बोली, पैठणी विणणाऱ्याला मिळणारी खरी रक्कम, हे तिला दिसत नाही. या शहराच्या खरेदीचा मोठा हिस्सा अजून तिथेच होतो. पडद्यावरचे आकडे हाताशी मुबलक आणि स्वस्त आहेत म्हणून तेच बाजार समजले जातात, आणि निर्णय घेणारा कधी शहरात पाऊलही टाकत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप लघुउद्योजकांचा आहे, आणि त्याला उडवून लावणे बरोबर नाही. मोठ्या कंपनीचे जर्मनीत कार्यालय असते, ती माणूस पाठवते. आमच्यासारख्या चाळीस कामगारांच्या कारखान्याला महिन्याला काही हजारांत जगाचे भाव दाखवणारे हेच एक साधन आहे, ते काढून घेतले तर मैदान मोठ्यांसाठीच मोकळे होईल, असे ते म्हणतील. मी साधन काढून घ्या म्हणत नाही. पण बरीच कामे त्याच्याशिवायही होतात, हे पाहिले जात नाही. अनेक मोठी ऑनलाइन दुकाने भाव आयपीवरून नव्हे तर पोचवण्याच्या पत्त्यावरून किंवा पिनकोडवरून ठरवतात. तिथे परदेशातला पिनकोड टाकला की काम भागते. काही दुकाने विक्रेत्यांना आणि संशोधकांना अधिकृत दुव्यातून माहिती देतात. सीमाशुल्काचे आयात-निर्यातीचे आकडे आहेत. आणि या जिल्ह्यातली कितीतरी मुले-मुली आज जर्मनीत, अमेरिकेत, आखातात शिकतात किंवा नोकरी करतात. दहा उद्योगांनी मिळून तिथल्या चार घरांशी सरळ करार केला, त्यांना दरमहा योग्य मोबदला दिला, कोणती संकेतस्थळे पाहायची ते लिहून दिले, तर ती माहिती कमी असेल पण खात्रीची असेल. एवढे करूनही ज्याला प्रॉक्सीच हवी, त्याने ती अशा विक्रेत्याकडून घ्यावी जो घरे कशी मिळवली ते लेखी सांगतो, गिऱ्हाइकाची ओळख तपासतो आणि बँका, ईमेल, सरकारी सेवा यांच्याकडे जाणारी वाहतूक अडवतो. ती महाग पडेल. स्वस्त प्रॉक्सी स्वस्त असते कारण तिच्यातल्या घराला काही द्यावे लागलेले नसते.

कायद्याकडे वळताना सावध राहायला हवे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले आणि व्हीपीएन कंपन्यांना आपल्या ग्राहकांची नावे, पत्ते, वापराचे कारण पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर बंद केले. पत्रकार, कार्यकर्ते, साधे नागरिक खासगीपणासाठी जे साधन वापरतात त्यावर पाळत वाढली, हा त्या निर्देशांवरचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्या नियमांची नजर सेवा घेणाऱ्यावर होती. ज्याच्या घरातून ती सेवा दिली जाते, त्याचे काय, हे तिथे विचारलेले नाही. आणखी नोंदी, आणखी पाळत, हा माझ्या मते इथला उपाय नाही. नियम विक्रेत्यावर हवा. भारतातल्या घरांच्या जोडण्या विकणाऱ्या कोणालाही नोंदणी करावी लागावी, घर कसे मिळवले याचा पुरावा मागितल्यावर दाखवता यावा, संमतीचा मजकूर त्या घराच्या भाषेत असावा, आणि घरमालकाला एका बटनावर बाहेर पडता यावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय त्याचा वापर करणाऱ्याला नुकसानभरपाईला जबाबदार धरते, आणि अशा दाव्यांची सुनावणी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवाकडे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून होते. नकळत प्रॉक्सी बनलेल्या कुटुंबाने तिथे दाद मागावी, हा मार्ग कागदावर उपलब्ध आहे. प्रश्न असा की त्याला आपण प्रॉक्सी बनलो आहोत हे कळणार कसे? ते सांगण्याची पहिली जबाबदारी इंटरनेट कंपन्यांवर टाकता येईल. कोणत्या जोडण्यांवरून कुप्रसिद्ध प्रॉक्सी जाळ्यांच्या सर्व्हरशी सतत संपर्क होतो, हे त्यांना आपल्या यंत्रणेत पाहता येते. ग्राहकाचे काय वाचणे-पाहणे चालते याची चौकशी न करता एवढा एक संदेश मराठीत पाठवणे त्यांना अवघड नाही.

माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली; म्हणजे मे २०२७ पर्यंत वेळ आहे. या काळात दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योग संघटना, तसेच नवउद्योगांना पाठबळ देणारी मॅजिक ही संस्था, आपल्या सदस्यांसाठी बाजारपाहणीच्या कराराचा एक नमुना तयार करू शकतात. त्यात पाहणी करणाऱ्या एजन्सीने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: माहिती कोणत्या मार्गाने आणली, घरगुती जोडण्या वापरल्या असतील तर त्या कोणत्या विक्रेत्याच्या, आणि त्या विक्रेत्याकडे संमतीचा कोणता पुरावा आहे. ऑरिक या औद्योगिक शहरात जागा घेणाऱ्या मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडून पर्यावरणाची, कामगारांची, दर्जाची प्रमाणपत्रे मागतातच. त्यात हे एक कलम वाढवायला त्यांना खर्च येणार नाही. आणि जिल्हा प्रशासनाने, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाला सोबत घेऊन, शहरातल्या दोनशे-तीनशे कुटुंबांचा सांगून-सवरून, मोबदला देऊन तयार केलेला एक गट उभारला, ऑनलाइन भाव आणि गुलमंडीचे भाव दर महिन्याला शेजारी शेजारी प्रसिद्ध केले, तर उद्योजकाला, संशोधकाला आणि ग्राहकालाही कोणाच्या घरात न सांगता शिरण्याचे कारण उरणार नाही. त्याचे पहिले अंदाजपत्रक मांडायला जिल्हा नियोजन समितीची येती बैठक पुरेशी आहे.